ताई, एक नाव राहिलं होतं

ताई,

परवा लातूरला तुमची शोकसभा झाली. माझं नाव पुकारलं. मी उठलो, माईकपर्यंत गेलो, ‘ताई’ एवढंच म्हणालो आणि परत येऊन बसलो. लोकांना वाटलं, भरून आलं असेल. भरून आलं होतंच, पण कारण ते नव्हतं. माझ्या आधीच्यांनी तुमच्या पदव्या, तुमची नोकरी, तुमचा पुरस्कार असं सगळं ओळीनं सांगितलं होतं. शेजारी टेबलावर तुमचा फोटो होता. त्यात तुम्ही जरीची साडी नेसून अवघडून बसलेल्या, कुणाच्या तरी लग्नातल्या. ते सगळे तुमच्याबद्दल बोलत होते. मला तुमच्याशी बोलायचं होतं. एवढ्या माणसांसमोर ते जमेना, म्हणून नांदेडला घरी आल्यावर लिहायला बसलोय.

बाकीचे तुम्हाला मॅडम म्हणायचे. वॉर्डातली आम्ही शिकाऊ पोरं मात्र ताई म्हणायचो, आणि लेकरांच्या आया नुसतं ‘बाई’. कुणी काहीही म्हणो, तुम्ही ‘ओ’ द्यायच्या. ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांनी इतकंच समजून घ्यावं, की तुम्ही लेकरांच्या डॉक्टर होतात, आणि मी आज जो काही लेकरांचा डॉक्टर आहे तो तुमच्या हाताखाली झालो.

मी आलो तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. गावभर पाट्या रंगवणं चालू होतं. ‘जिल्हा उस्मानाबाद’ खरवडून तिथं ‘जिल्हा लातूर’ लिहीत होते. कचेऱ्या भाड्याच्या घरांतून सुरू झाल्या होत्या आणि साहेबांच्या खुर्च्या अजून टेम्पोतून उतरायच्या होत्या. जिल्ह्याचा आनंद होता, पण घशाखाली घालायला पाणी नव्हतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. नव्या कचेरीच्या भिंतीला लागूनच घागरींची रांग असायची, आणि साहेबाच्या शिपायाची घागरही त्याच रांगेत असायची. आपल्या दवाखान्यात बालरुग्णांचा वॉर्ड म्हणजे एक लांबट खोली. एका खाटेवर दोन दोन लेकरं.

“नाव?” तुम्ही विचारलंत.

“मिलिंद.”

“पुढं?”

“मिलिंदच म्हणा, ताई.”

तुम्ही मान वर करून बघितलंत आणि “बरं” म्हणालात. कंधार तालुक्यातल्या ज्या वस्तीतून मी आलो होतो, तिथून डॉक्टर होणारा मी पहिला. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं, हे मला शाळेपासून माहीत होतं. तुम्ही परत विचारलं नाहीत ते चांगुलपणानंच. त्या चांगुलपणावरून आपण पुढं केवढं भांडणार आहोत, हे त्या दिवशी दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात एक पोरगं आलं. हागवण आणि उलट्या, डोळे खोल गेलेले. बाप दारातूनच ओरडत आला, “सलाईन लावा, सायब, लवकर सलाईन लावा!” मी सुई घेऊन बसलो. शीर सापडेना. एका हाताला टोचलं, दुसऱ्या हाताला टोचलं, पायाला बघितलं. तुम्ही मागं येऊन उभ्या राहिलात.

“किती वेळ शोधून राहिलास?”

“सापडेल, ताई.”

“सापडेल. तोवर त्याच्या हाताची चाळणी होईल. त्याच्या ओठाकडं बघ. जीभ फिरवून राहिलंय. हे लेकरू गिळतंय, मिलिंद. जे गिळतं त्याला चमचा, जे गिळत नाही त्याला सुई. ठेव ती.”

मग तुम्ही मीठ-साखरेच्या पाण्याची वाटी माझ्या हातात दिलीत आणि त्या लेकराच्या आईशेजारी, फरशीवर, मला बसवलंत. आई कर्नाटकाच्या हद्दीवरची. तुम्ही स्वतः निलंग्याच्या, तिच्याशी कानडीत बोललात. मला त्यातलं एकच कळलं, “स्वल्प स्वल्प.” थोडं थोडं. एक चमचा, मग जरा थांबायचं, मग एक चमचा. उलटी झाली तर दम खायचा आणि परत सुरू करायचं. दुपारभर मी तेच केलं. खरं सांगतो, मनातून मी धुमसत होतो. एवढं शिकून चमच्यानं पाणी पाजायला आलो का? उन्हं कलताना त्या पोरानं माझ्या मांडीवर लघवी केली. पँट भिजली. मी दचकून उठायला गेलो तर तुम्ही वॉर्डाच्या त्या टोकाला टाळी वाजवलीत.

“अरे, लेकराच्या अंगात पाणी आलं! झालास तू डॉक्टर!”

सगळा वॉर्ड हसला. ते पोरगंही, तोंड वाकडं करून, रडल्यासारखं हसलं. त्यानंतर मी पुष्कळ समारंभांना गेलो, पण मला कधी कुणी तसं डॉक्टर केलं नाही.

आता त्या मुलीबद्दल लिहायला हवं.

निलंग्याकडच्या एका गावातून आली होती. दोन वर्षांची, आईच्या पदराला चिकटलेली. हागवणच होती, आणि आपल्या हाताखाली ती छान सुधारली. खाटेवर उभी राहून शेजारच्या लेकराची भाकरी ओढायची. खाटा कमी होत्या, दाराशी नवी लेकरं येऊन पडलेली. तुम्ही तिला घरी सोडलंत. आईला नीट बसवून सांगितलंत, पाणी उकळून गार करून द्यायचं, मीठ-साखर अशी घालायची, दर वेळेला ताजं करायचं. आई सगळ्याला “हाव, बाई, हाव” म्हणाली. मी शेजारी उभा होतो. इतकं सोपं करून सांगता येतं याचं मला कौतुक वाटत होतं.

आठवडा गेला नाही तोच ती परत आली. बैलगाडीतून, मग एसटीतून. या वेळी ती गिळत नव्हती. तुम्ही स्वतः सुई लावलीत, पहिल्याच झटक्यात शीर सापडली, तरी उपयोग झाला नाही. दुपारचे डबे वॉर्डात येत होते, तेव्हा ती गेली.

आई रडली नाही. तुमच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, “उकळून द्या म्हनलाव तुमी. पानीच न्हाई तर काय उकळू, बाई?”

तिनं आवाज चढवला नव्हता. सवाल टाकावा तसं विचारलं होतं. गावात टँकर कधीतरी यायचा. आला की घागरभर मिळायचं. घरात खाणारी तोंडं सहा, आणि जळणही विकतचं. तिनं डबक्यातलं पाणी फडक्यानं गाळलं, त्यात मीठ-साखर घातली आणि तुम्ही सांगितलं होतं तसंच, थोडं थोडं पाजलं. तुमची आज्ञा तिनं जमेल तेवढी पाळली होती.

तुम्ही तिच्यापुढं उभ्या राहिलात. मग खाली बसलात.

दर शनिवारी तुम्ही आम्हाला शिकवायच्या. आसपासच्या तालुक्यांतल्या दवाखान्यांतले तरुण डॉक्टरही यायचे, मिळेल त्या गाडीनं. तुमच्यावर कुणी ते काम टाकलं नव्हतं, आपण काही शिकवण्याचं कॉलेज नव्हतो. त्या शनिवारी आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं, की त्या मुलीचा विषय कुणी काढायचा नाही. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनीही जाता जाता सुचवलं होतं, “दुष्काळाची केस आहे, जास्त चर्चा नको.”

तुम्ही फळ्यासमोर उभ्या राहिलात.

“या आठवड्यात आपलं एक लेकरू गेलं,” तुम्ही म्हणालात. “त्यात माझं काय चुकलं ते आधी सांगते. मग तुमचं.”

तुम्ही खडू खाली ठेवलात.

“मी तिला पाणी उकळायला सांगितलं. पाणी कुठून आणतेस, हे विचारलं नाही. जळण आहे का, विचारलं नाही. ती ‘हाव’ म्हणाली आणि मला वाटलं तिला कळलं. तिला कळलंच होतं. मला कळलं नव्हतं.” तुमचा आवाज चिरकला. तुम्ही पदरानं नाक पुसलंत आणि म्हणालात, “आता तुम्ही. कुणाच्या लक्षात आलं होतं?”

कुणाच्याच आलं नव्हतं. पण मग हळूहळू एकेकजण बोलू लागला. देगलूरकडून आलेला एक डॉक्टर म्हणाला, माझ्याकडंही एक असंच झालं, मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तो सांगता सांगता रडला. तुम्ही त्याला थांबवलं नाहीत, आणि “असू दे” असंही म्हणाला नाहीत. “पुढं सांग,” एवढंच म्हणालात. वरिष्ठानं आपली चूक अशी सगळ्यांसमोर मांडावी, हे आम्ही कधी बघितलं नव्हतं. आम्हाला शिकवलं होतं ते लपवायला, किंवा खालच्यावर ढकलायला.

त्यानंतर वॉर्डात नियम झाला. लेकरू घरी पाठवण्याआधी आईजवळ बसायचं, उभं राहून बोलायचं नाही. पाणी कुठून येतं? कोण आणतं? ती पाण्याला जाते तेव्हा लेकराजवळ कोण असतं? जळण काय? आणि घरी पाठवलेल्या लेकरांच्या मागं आपण जायचं, गावात, बघायला.

पहिल्यांदा आपण गेलो ते त्याच गावी. तुम्हाला तिथंच जायचं होतं. उसनी मागितलेली जीप, मागं आम्ही तिघं, धुळीनं डोळे मिटलेले. त्या आईनं दार उघडलं नाही. तिच्या सासूनं आम्हाला बाहेर घोंगडं टाकून दिलं. तुम्ही बराच वेळ दाराकडं तोंड करून बसलात. मग हात जोडलेत, बंद दारालाच, आणि उठलात.

दुसऱ्या एका गावात तुम्ही एका बाईला विचारलंत, “गावात पाणी आहे का?” ती म्हणाली, “हाव, हाय की. हिरीला हाय.” तुम्ही मान डोलावलीत आणि पुढं चाललात. मी मात्र थांबलो. ती कुठल्या वस्तीत उभी आहे ते मला दिसत होतं. बुद्धविहाराचा निळा झेंडा तुम्हालाही दिसला असेल, पण त्याचा पाण्याशी संबंध तुमच्या डोक्यात आला नाही. मी विचारलं, “मावशी, त्या विहिरीवर कोणाकोणाला जाता येतं?”

ती माझ्याकडं बघून जराशी हसली, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी. “टँकर हिरीत ओततेत. त्यायनी भरलं की मंग आमी. तवर तळाला गाळ ऱ्हातो.”

जीपमध्ये बसल्यावर तुम्ही म्हणालात, “हा प्रश्न मला का सुचला नाही?”

मी म्हणालो, “तुम्हाला कधी रांगेत शेवटी उभं राहावं लागलं नाही, ताई.”

मला वाटलं, रागावणार. पण पुढच्या शनिवारी फळ्यावरच्या प्रश्नांत तो प्रश्न सगळ्यात वर होता. “हा मिलिंदनं शिकवला,” तुम्ही म्हणालात. मी तुमच्याकडून काय काय शिकलो ते सगळे विचारतात. तुम्ही माझ्याकडून एक गोष्ट शिकलात आणि ती सगळ्यांसमोर बोलून दाखवलीत, हे मी कुणाला सांगत नाही.

मग आपलं मोठं भांडण झालं.

गावोगाव बघितलेलं तुम्ही लिहून काढलंत. घरी गेलेली लेकरं कोणत्या घरांतली परत आजारी पडतात, का पडतात, प्रश्न विचारायला लागल्यापासून काय बदललं. साध्या भाषेतलं, आमच्याही आयांना कळेल असं. लेखकाच्या जागी तुम्ही नुसतं लिहिलंत, ‘बालरुग्ण विभाग’.

“ताई, नावं?” मी विचारलं.

“कशाला नावं? काम वॉर्डानं केलंय. नाव आलं की त्यावरून रुसवे-फुगवे. आणि मला नको माझं नाव.”

“तुम्हाला नको असेल. आम्हाला पाहिजे.”

“मिलिंद, हे शोभतं का? लेकरू गेलंय त्यातून आलेलं काम आहे हे.”

मला त्या दिवशी राहवलं नाही. “ताई, तुम्हाला नावाची गरज नाही, कारण तुमचं नाव कुणी कधी पुसलं नाही. माझा आजा गावाच्या विहिरी खोदायचा. एकाही विहिरीवर त्याचं नाव नाही, आणि त्यातल्या एकीचंही पाणी त्याला मिळालं नाही. माझी आई मागच्या मोठ्या दुष्काळात खडी फोडायला होती, मुकादम तिला ‘ए’ म्हणून हाक मारायचा. पहिल्या दिवशी तुम्ही मला पुढचं नाव विचारायचं सोडून दिलंत. तुम्हाला वाटलं, चांगुलपणा केला. मी मात्र अजून अर्धाच उभा आहे या वॉर्डात.”

तुम्ही चष्मा काढलात. पुसलात. परत घातलात.

“पूर्ण नाव सांग,” तुम्ही म्हणालात.

“मिलिंद किसन वाघमारे.”

तुम्ही ते लिहिलंत. मग बाकीच्या पोरांना एकेक करून बोलावलंत, दोन्ही सिस्टरना बोलावलंत, जीप चालवणाऱ्या दादांना बोलावलंत. प्रत्येकाचं पूर्ण नाव. तुमचं स्वतःचं सगळ्यात शेवटी टाकलंत, ते मला पटलं नाही, आणि त्यावरून आपण परत भांडलो. शेवटी आडनावाच्या अक्षरक्रमानं लावायचं ठरलं. अक्षरक्रमात मी शेवटी आलो, त्यावर तुम्ही केवढ्या हसलात!

लेखात एक वाक्य होतं, ‘आमच्या अपुऱ्या सल्ल्यामुळे एक मूल दगावले.’ मोठ्या साहेबांनी ते काढायला सांगितलं. दवाखान्याची बदनामी होईल, तुमच्या बढतीचा विचार चालू आहे, असंही म्हणाले. मीसुद्धा म्हणालो, ताई, काढा, बाकी सगळं राहतंच की. तुम्ही म्हणालात, “ते काढलं तर बाकीचं कशावर उभं राहणार?” नाही काढलंत. बढती दुसऱ्याला गेली. लेख बरेच दिवस पडून राहिला आणि मग एका छोट्या मासिकात छापून आला. तुमच्या आयुष्यात छापलेलं संशोधन म्हणायचं तर तेवढंच.

मला तुम्ही पुढं शिकायला ढकललंत. मी नाही म्हणत होतो, घरी भाऊ शिकायचे होते. तुम्ही कंधारला आमच्या घरी आलात, माझ्या आईशेजारी ओट्यावर बसलात आणि तिला म्हणालात, “याला अजून थोडी वर्षं मला द्या.” आई म्हणाली, “दिला.” मला कुणी विचारलंच नाही.

आणि माझं पहिलं भाषण. मोठ्या शहरातली परिषद, समोर सगळे नावाजलेले. तुम्ही लातूरहून एसटीनं आलात, पहिल्या रांगेत बसलात, आणि मी दुसरं वाक्य बोलेपर्यंत तोंड उघडं टाकून गाढ झोपलात. घोरत होतात, ताई. नंतर विचारलं तर म्हणालात, “तू अडखळला असतास तर जाग आली असती की.” आता माझ्या हाताखालची पोरं बोलतात आणि मी पहिल्या रांगेत बसतो, तेव्हा ते वाक्य मला कळतं.

तुम्ही निवृत्त झाल्यावर कधीतरी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ठरवलं, की शिकवणं, नव्या डॉक्टरांना घडवणं आणि संशोधन यांसाठी दवाखान्यांत काम करणाऱ्यांचा सन्मान करायचा. मी निवड समितीत होतो. मी तुमचं नाव सुचवलं. एकजण म्हणाले, “पण त्या प्राध्यापक कुठे होत्या?” दुसरे म्हणाले, “एकच लेख आहे.” मी म्हणालो, “निलंगा, उदगीर, देगलूर, कंधार, कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात जा. लेकरू घरी सोडताना तिथला डॉक्टर आईशेजारी बसतो का बघा. बसला तर विचारा, हे कुणी शिकवलं. ज्यांनी शिकवलं त्यांना खुर्ची मिळाली नाही, म्हणून त्यांनी शिकवलंच नाही असं होत नाही.” दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी मान्य झालं.

तुमचा फोन आला. “तुला दुसरा उद्योग नाही का रे?”

“नाही.”

“मी येणार नाही.”

“ताई, तुमच्यासाठी नाही हे. आज जी पोरगी कुठल्यातरी वॉर्डात आपल्या हाताखालच्यांना शिकवून राहिली आहे, तिला तिचे वरिष्ठ म्हणतात, यातून तुला काय मिळणार? तिला दिसू दे कोणीतरी मंचावर.”

मग तुम्ही म्हणालात, “नांदेडला आहे ना कार्यक्रम? गुरुद्वाऱ्याजवळ ती कढी मिळते, ती खाऊ घाल मग.”

मंचावर तुम्ही त्या आईचं वाक्य सांगितलंत, जसंच्या तसं. पानीच न्हाई तर काय उकळू, बाई. आणि म्हणालात, “मला शिकवलं ते तिनं. मी पुढं पोचवलं.” मग सभागृहाकडं बघून म्हणालात, “माझ्या शनिवारच्या वर्गाला आलेले कुणी असतील तर उभे राहा, आणि पूर्ण नाव सांगा.” खुर्च्या मागं सरकल्या. या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून, बाल्कनीतूनसुद्धा. पांढऱ्या केसांची माणसं शाळेतल्यासारखी नाव, बापाचं नाव, आडनाव, तालुका सांगत होती. संयोजक घड्याळ दाखवत होते, जेवण गार होत होतं. तुम्ही एकालाही घाई केली नाहीत. माझी पाळी आली तेव्हा मी नाव सांगितलं आणि बसलो, आणि शेजारच्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, कारण माझे खांदे हलत होते.

आपली शेवटची भेट पावसाळ्याच्या अखेरीला झाली. तुम्ही लातूरच्या घरी खाटेवर होतात. हात इतके हलके झाले होते की मी नाडी बघायचं टाळलं. बोलणं मधेच तुटायचं. पण बोलायचं होतं ते तुम्ही ठरवून ठेवलं होतं.

“मिलिंद, आपल्या त्या लेखात एक नाव राहिलं.”

“कुणाचं, ताई? सगळे होते. दादाही होते.”

“त्या लेकराचं.”

मी म्हणालो, रुग्णाचं नाव छापत नाहीत. नियम आहे. घरच्यांची अब्रू असते, दुःख असतं, आपण त्यांना न विचारता ते बाजारात मांडायचं नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत.

“नियम बरोबर आहे,” तुम्ही म्हणालात. “तरी राहिलं.”

मी अजून काही सांगायला लागलो. तुम्ही हात वर केलात, ‘पुरे’ म्हणतात तसा. मग डोळे मिटूनच विचारलंत, “जेवलास का?” मी हो म्हणालो. “मग जा. वॉर्ड सोडून कशाला बसलास माझ्यापाशी.” मी निघालो. दारातून वळून बघितलं, तर तुम्ही बघत नव्हतात.

वाद तसाच राहिला. त्यानंतर तुम्ही गेलातच.

शोकसभेहून मी सरळ नांदेडला आलो नाही, ताई. निलंग्याची एसटी धरली. ते गाव आता ओळखू येत नाही. डांबरी रस्ता, घरोघरी नळ, नळाला पाणी मात्र अजून आठवड्यातून कधीतरी. विचारत विचारत गेलो. ती आई आहे. केस सगळे पांढरे, गुडघ्यानं बेजार, नातवंडं अंगणात. मी कोण ते सांगितलं.

“दवाखान्यातल्या बाई गेल्या,” मी म्हणालो. “तुम्हाला सांगायला आलो.”

“हात जोडून बसली व्हती माज्या दाराम्होरं,” ती म्हणाली. “फटीतनं बघितलं म्या.”

तिनं पदर सावरला.

“राग गेला का म्हून इचारू नका. ते न्हाई सांगता येनार.” तिनं सुनेला हाक मारून चहा टाकायला लावला. “पर माय गेलेल्या लेकरावानी तोंड झालंय तुमचं. बसा.”

चहा पिताना मी तिला आपला वाद सांगितला. लेखाचा, नावाचा, नियमाचा. तुम्ही शेवटी काय म्हणालात ते सांगितलं. आणि विचारलं, की मी बाईंवर काही लिहिणार आहे, त्यात तुमचं नाव घालू का, का नको. तुम्ही म्हणाल तसं.

ती हसली. दात उरले नव्हते.

“माजं कशाला? म्या हाय की हितं जित्ती. लेकीचं घाला.” मग म्हणाली, “दोनच वर्सांची व्हती, पर नाव ठिवलं व्हतं आमी. बारशाला गूळ वाटला व्हता साऱ्या गावाला.”

तिनं नाव सांगितलं आणि मला परत म्हणायला लावलं, मी चुकीचं लिहू नये म्हणून.

महानंदा, ताई. तिचं नाव महानंदा होतं.